विश्लेषण : प्रयोगशाळेतील उंदराच्या जागेचे माप ठरले, त्याला सांभाळणाऱ्याच्या पाठीचे काय?

नवे औषध किंवा लस माणसापर्यंत पोहोचण्याआधी तिची चाचणी बहुतेक वेळा उंदरांवर होते, हे सर्वांना ठाऊक असते. त्या उंदरांचे पिंजरे कोण बदलतो, भुशाची पोती कोण उचलतो, शेकडो बाटल्यांची बुचे कोण काढतो, याची चर्चा मात्र क्वचितच होते. या कामात मनगट, खांदे आणि कंबर यांची झीज होते आणि ती बऱ्याच अंशी टाळता येते. त्यासाठी दरवेळी महागडे यंत्रमानव लागत नाहीत. उपकरणे कामगाराच्या शरीराला साजेशी आहेत का, हे खरेदीआधी पाहावे लागते. या अभ्यासालाच ‘अर्गोनॉमिक्स’ म्हणतात.

प्राणीगृहात नेमके काम काय असते?

परळची हाफकिन संस्था, खारघरचे ‘ॲक्ट्रेक’, पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र अशा संशोधन संस्था, औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा आणि अनेक औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये यांच्याकडे ‘ॲनिमल हाऊस’ म्हणजे प्राणीगृह असते. तिथे सर्वाधिक संख्या असते ती उंदीर आणि घुशीएवढ्या मोठ्या ‘रॅट’ची. प्लॅस्टिकचे पिंजरे उंच रॅकमध्ये एकावर एक अशा रांगांत ठेवलेले असतात. तळाला मक्याच्या कणसाचा भरडा, लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस पसरलेले असते.

ठरावीक दिवसांनी पिंजरा रॅकमधून काढायचा, झाकण आणि तारेची जाळी उचलायची, उंदीर एकेक करून स्वच्छ पिंजऱ्यात सोडायचे, खाद्य भरायचे, बाटली लावायची, माहितीचे कार्ड अडकवायचे आणि पिंजरा परत सरकवायचा. मळलेले पिंजरे धुण्याच्या खोलीत न्यायचे, भुसा खरवडून टाकायचा, पिंजरे धुवायचे, पुन्हा भुसा भरायचा, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करायचे. हे चक्र थांबत नाही. उंदरांना रविवार नसतो आणि दिवाळीही नसते.

पिंजरा तर हलका, मग त्रास कशाचा?

उंदराचा पिंजरा एका हातात मावतो. त्यामुळे ‘यात कसले कष्ट?’ असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. उत्तर साध्या गुणाकारात आहे. समजा, एका कर्मचाऱ्याच्या वाट्याला दिवसाला १५० पिंजरे आले. रॅकवरून टेबलावर, टेबलावरून ढकलगाडीवर, तिथून भुसा टाकण्याच्या जागी, मग धुलाईयंत्रात, भरणीच्या टेबलावर, थप्पीत, ऑटोक्लेव्हमध्ये आणि परत रॅकवर, असा प्रत्येक पिंजरा आठ वेळा उचलला गेला. भरलेला आणि रिकामा पिंजरा धरून सरासरी वजन एक किलो मानले, तरी दिवसाअखेर हातांनी १,२०० किलो वजन उचललेले असते. म्हणजे एक टनाहून अधिक, आणि तेही एकेका किलोने.

प्रत्येक पिंजऱ्यामागे बोटांच्या हालचाली वेगळ्याच. खटका दाबणे, झाकण ओढणे, जाळी चिमटीत धरणे, उंदीर पकडणे, कार्ड अडकवणे अशा दहा हालचाली धरल्या तर दिवसाला दीड हजार. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वस्तू धरताना स्नायूंवर जो ताण येतो, तो पूर्ण मुठीत धरण्यापेक्षा बराच जास्त असतो. त्यात मनगट वाकलेले असेल तर स्नायुबंध घासले जातात. हातमोज्यांमुळे स्पर्श बोथट होतो, म्हणून माणूस नकळत गरजेपेक्षा घट्ट पकडतो. हाताला मुंग्या आणणारा ‘कार्पल टनेल सिंड्रोम’, अंगठ्याच्या मुळाशी येणारी सूज, खांद्याचे दुखणे ही अशा कामांत संभवणारी दुखणी आहेत. ती एका दिवसात होत नाहीत. त्यामुळे त्यांची नोंद ‘अपघात’ म्हणूनही होत नाही.

पोते किती वजनाचे असावे?

खाद्य आणि भुशाच्या पोत्यांचा प्रश्न वेगळा आहे. इथे वजनच जास्त असते. किती वजन सुरक्षित, हे ठरवण्यासाठी अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेचे सुधारित सूत्र जगभर वापरले जाते. त्याची सुरुवात २३ किलोंपासून होते. सर्व परिस्थिती आदर्श असेल तेव्हाची ही मर्यादा. वस्तू शरीरापासून जितकी लांब, उचलण्याची जागा सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीपासून जितकी खाली किंवा वर, पकड जितकी वाईट आणि उचलणे जितके वारंवार, तितकी ती मर्यादा घटते.

आता २५ किलोंचे पोते घेऊ. ते जमिनीवर आहे, हात १५ सेंटिमीटर उंचीवर आहेत, पोते शरीरापासून ४० सेंटिमीटर लांब आहे, त्याला धरायला कान नाहीत आणि ते ७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर ठेवायचे आहे. दिवसातून मोजक्याच वेळा उचलायचे असले, तरी सूत्रानुसार सुरक्षित मर्यादा येते सुमारे साडेनऊ किलो. म्हणजे पोते मर्यादेच्या अडीचपटीहून जड आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. पोते अर्धे, म्हणजे साडेबारा किलोंचे केले तरी जमिनीवरून उचलताना ते मर्यादेबाहेरच राहते. पण पोती जमिनीऐवजी अशा चौथऱ्यावर ठेवली की हात ६० सेंटिमीटरवर येतील आणि पोते शरीराच्या ३० सेंटिमीटर जवळ घेता येईल, तर मर्यादा साडेसोळा किलोंवर जाते. आता साडेबारा किलोंचे पोते निर्धास्त उचलता येते. थोडक्यात, पुरवठादाराकडून लहान पोते मागवणे आणि गोदामात चौथरा बांधणे ही दोन्ही कामे एकत्र केली तरच उपयोग होतो.

हे सूत्र दोन्ही हातांनी सावकाश उचलण्यासाठी आहे. एका हाताने भराभर पिंजरे हलवण्याच्या कामाला ते लागू पडत नाही. तिथे ‘रुला’सारखी पद्धत कामी येते. नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत मान, खांदा, कोपर आणि मनगट किती अंशांत वाकले आहे हे पाहून गुण दिले जातात. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि निरीक्षण पुरते.

रॅकची वरची रांग कोणाच्या उंचीची?

खोलीतील इंच न् इंच वापरता यावा म्हणून रॅक उंच केले जातात. वातानुकूलित, गाळलेल्या हवेच्या खोलीचा खर्च मोठा असतो. त्यामुळे एका रॅकमध्ये जितके जास्त पिंजरे, तितका संस्थेचा फायदा. पण भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. तिचा खांदा साधारण १२५ सेंटिमीटरवर येतो. वरची रांग १७० सेंटिमीटरवर असेल तर पिंजरा डोक्याच्या वर हात नेऊन काढावा लागतो. आत काय आहे ते दिसत नाही आणि बाटली गळत असेल तर पाणी थेट अंगावर येते. सर्वात खालच्या रांगेसाठी उकिडवे बसावे लागते.

अनेक रॅक आणि टेबले युरोप-अमेरिकेतील शरीरमापे गृहीत धरून घडवलेली असतात. भारतीयांची मापे उपलब्ध नाहीत असे मात्र नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांचे पुस्तक प्रसिद्ध केले. मुंबईत आयआयटीच्या ‘आयडीसी’मध्येही अर्गोनॉमिक्स शिकवले जाते. प्रश्न मापे मिळण्याचा नाही, तर ती निविदेच्या कागदात लिहिण्याचा आहे.

उपाय साधे आहेत. रोज लागणारे, वारंवार उघडावे लागणारे पिंजरे कंबर ते खांदा या पट्ट्यात ठेवायचे. वरच्या-खालच्या रांगांत क्वचित हात लावावा लागेल असेच साठे ठेवायचे. वरच्या रांगेसाठी पाय न घसरणारी, चाकांना कुलूप असलेली रुंद पायरी द्यायची. पिंजरे बदलण्याचे टेबल खाली-वर होणारे हवे, म्हणजे उंच आणि बुटक्या दोघांनाही कोपराच्या उंचीवर काम करता येते. टेबलाखाली पाय सरकवायला जागा हवी. ती नसेल तर माणूस दिवसभर पुढे वाकून उभा राहतो. टेबलाची कड गोल हवी, कारण धारदार कडेवर हात टेकले की मनगटाजवळची नस दाबली जाते.

चाकांकडे एवढे लक्ष का द्यायचे?

भरलेला रॅक ढकलताना सर्वाधिक जोर लागतो तो सुरुवातीच्या क्षणाला, म्हणजे तो जागचा हलवताना. एकदा गती आली की जोर कमी पुरतो. छोटी चाके फरशीच्या सांध्यात, उंबऱ्यात, लिफ्टच्या फटीत अडकतात आणि प्रत्येक वेळी तोच सुरुवातीचा जोर पुन्हा लावावा लागतो. चाकाचा व्यास मोठा असेल तर हा अडथळा सहज ओलांडला जातो. लांब सरळ मार्गिकेत दोन स्थिर आणि दोन फिरती चाके सोयीची. अरुंद खोलीत चारही फिरती चाके बरी पडतात.

प्राणीगृहाची स्वतःची एक अडचण आहे. रॅक आणि गाड्या धुतल्या जातात, काही वेळा १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेतही जातात. साध्या चाकातील वंगण त्यात निघून जाते आणि चाक जाम होते. खरेदीच्या दिवशी लोण्यासारखी चालणारी गाडी काही महिन्यांतच दोघांनी ढकलावी लागते. म्हणून उष्णता सोसणारी चाके आणि त्यांच्या देखभालीचे वेळापत्रक या दोन्ही गोष्टी करारात असायला हव्यात.

चाकांचा आणखी एक पैलू आहे. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. उंदराची श्रवणशक्ती त्याच्या कितीतरी पुढे, १०० किलोहर्ट्झच्या आसपास पोहोचते. करकरणाऱ्या चाकाचा जो भाग आपल्या कानांना कळतच नाही, तो उंदराला छळू शकतो. चाकाला वेळेवर वंगण मिळाले तर कर्मचाऱ्याचा खांदा आणि उंदराचा कान दोन्ही सुटतात.

बाटलीच्या बुचात काय अडले आहे?

प्राणीगृहातील सर्वात दुर्लक्षित काम म्हणजे पाण्याच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीच्या तोंडाला रबरी बूच आणि त्यात स्टीलची नळी असते. धुण्याआधी ते अंगठ्याने उपटून काढायचे आणि भरल्यावर तळव्याने दाबून बसवायचे. पाव लिटरच्या २४ बाटल्यांची एक जाळी घेतली तर नुसते पाणीच सहा किलो होते. अशा कित्येक जाळ्या दिवसात हलवल्या जातात.

इथे छोटी साधने मोठा फरक करतात. अनेक बुचे एकदम उचकटणारी तरफेची चौकट, एकाच वेळी पूर्ण जाळी भरणारी तोट्यांची रांग, जाळीला दोन्ही बाजूंनी बोटे पूर्ण आत जातील असे कान, ही साधने स्थानिक कार्यशाळेतही तयार होऊ शकतात. खरवडण्यासाठी लांब आणि जाड मुठीचे, मनगट सरळ ठेवणारे खरवडणे असले तर चिमटीऐवजी पूर्ण मूठ वापरता येते. मळलेला भुसा टाकण्याच्या जागी हवा खेचून घेणारी पेटी असेल तर पिंजरा उंच धरून झटकावा लागत नाही. शिवाय उंदरांच्या मूत्रातील प्रथिनांमुळे होणाऱ्या ॲलर्जीपासूनही बचाव होतो. दमा होण्याचा हा धोका प्राणीगृहात खरा आहे.

कामांची अदलाबदल हाही उपाय सुचवला जातो. पण सकाळी पिंजरे बदलणाऱ्याला दुपारी बुचे काढायला बसवले तर कागदावर काम बदलते, अंगठा तोच राहतो. वेगळे स्नायू वापरले जातील असे काम दिले तरच त्याला अदलाबदल म्हणता येईल.

कर्मचाऱ्याची सोय म्हणजे प्राण्याची हेळसांड?

असा समज असतो, पण पुरावा उलट दिशेला बोट दाखवतो. उंदराला शेपटीने उचलण्याची पद्धत जुनी आणि झटपट आहे. लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये दाखवून दिले, की शेपटीने उचललेले उंदीर अधिक भेदरलेले राहतात. पिंजऱ्यातील नळीतून किंवा ओंजळीत घेऊन उचलले तर ते माणसाला कमी घाबरतात. घाबरलेल्या प्राण्याचे वर्तन आणि शरीरातील संप्रेरके बदलतात, म्हणजे प्रयोगाच्या निष्कर्षांवरही सावट येते.

नळीने उचलताना बोटांची घट्ट चिमूट लागत नाही. पळणाऱ्या उंदराचा पाठलागही कमी होतो. याउलट मनगट दुखत असलेला, घाईत असलेला माणूस प्राणी हळुवारपणे हाताळेल ही अपेक्षाच चुकीची आहे. थकलेल्या हातातून पिंजरा निसटला तर नुकसान प्राण्याचे, प्रयोगाचे आणि माणसाचेही होते.

मग सगळे स्वयंचलित का करू नये?

काही मोठ्या विदेशी केंद्रांत पिंजरे रिकामे करणे, धुणे आणि भरणे यासाठी यंत्रमानव आहेत. पण त्यांचा खर्च हजारो पिंजऱ्यांच्या केंद्रांनाच परवडतो. शिवाय प्रत्येक यंत्र एक प्रश्न सोडवताना दुसरा उभा करते. नळाने थेट पिंजऱ्यात पाणी देणारी यंत्रणा बसवली की बाटल्यांचे काम संपते. मात्र तोटी अडकून वाहत राहिली तर पिंजरा भरतो आणि उंदीर बुडू शकतात. त्यामुळे प्रत्येक तोटीची तपासणी हे नवे काम येते.

प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र हवा पुरवणाऱ्या रॅकमध्ये भुसा अधिक काळ कोरडा राहतो. त्यामुळे पिंजरे आठवड्याऐवजी दोन आठवड्यांनी बदलणे अनेक ठिकाणी शक्य होते. एवढ्या एका निर्णयाने पिंजरे बदलण्याच्या हालचाली निम्म्यावर येतात. वारंवार पिंजरा बदलण्याचा ताण उंदरांनाही कमी होतो. पण अमोनियाची पातळी आणि पिंजऱ्यातील संख्या पाहून पशुवैद्यकानेच हे ठरवायचे असते. हे रॅक मात्र जड असतात आणि पिंजरा आत घट्ट बसवताना जोर लागतो, हेही खरेदीपूर्वी तपासायला हवे.

नियम काय सांगतात?

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांवरील प्रयोगांच्या नियंत्रणासाठी समिती नेमण्याची तरतूद केली. १९९८ च्या नियमांनी प्रयोग करणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि संस्थांतर्गत प्राणी नीतिमत्ता समिती यांची चौकट घातली. या समितीत वैज्ञानिक, पशुवैद्यक, प्राणीगृहाचे प्रमुख, बाहेरचा सामाजिक भान असलेला सदस्य, शासकीय समितीचा प्रतिनिधी यांना स्थान आहे. रोज पिंजऱ्याला हात लावणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी मात्र स्वतंत्र जागा नाही.

प्राण्यांच्या बाबतीत मापे अगदी नेमकी आहेत. जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या अमेरिकी मार्गदर्शिकेच्या २०११ च्या आठव्या आवृत्तीनुसार गटात राहणाऱ्या २५ ग्रॅमपर्यंतच्या उंदराला ७७.४ चौरस सेंटिमीटर जागा आणि १२.७ सेंटिमीटर उंची लागते. खोलीचे तापमान २० ते २६ अंश हवे. ही मापे योग्यच आहेत. वर्षानुवर्षांच्या प्रयत्नांतून ती मिळाली आहेत.

कामगारासाठीचे आकडे वेगळ्या धाटणीचे आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या वजनासाठी ५५ किलोंची शिफारस केली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३४ ने इजा होईल इतके जड ओझे वाहायला लावू नये, हे तत्त्व मांडले. दोन्हींचा रोख एकावेळच्या ओझ्यावर आहे. एक किलोचा पिंजरा या चाळणीतून सहज निसटतो. तो दिवसात १,२०० वेळा उचलला जातो, हे त्या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

खरेदीआधी काय विचारावे?

सर्वात कमी दराची निविदा मंजूर होते तेव्हा चाकाचा व्यास, मुठीची जाडी, टेबलाची उंची या गोष्टी निविदेत लिहिलेल्या नसतील तर त्या मिळतही नाहीत. म्हणून पुढील प्रश्न कागदावर यायला हवेत : वरच्या रांगेतील पिंजरा १५२ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला दोन्ही हातांनी काढता येतो का? टेबल किती उंचीपर्यंत खाली-वर होते? भरलेली गाडी जागची हलवायला किती जोर लागतो? तो वजनकाट्यासारख्या साध्या उपकरणाने मोजता येतो. खटका हातमोजे घालून, मनगट न वाकवता उघडतो का? वाफेत शंभर वेळा गेल्यावर चाक कसे चालते? खाद्य आणि भुसा किती वजनाच्या पोत्यांत मिळतो?

जिथे हे काम कंत्राटी कामगार करतात, तिथे आणखी एक अडचण असते. दुखणे सांगितले तर काम जाईल या भीतीने ते सांगितलेच जात नाही आणि कंत्राट बदलले की दुखणाऱ्या हाताची नोंदही त्याच्याबरोबर जाते. ‘कुठे दुखते’ याची तिमाही विचारणा, नावाशिवाय नुसत्या मानवी आकृतीवर खुणा करून घेतली, तरी कोणत्या खोलीतले कोणते काम बदलायला हवे हे कळू लागते. त्याला फारसा खर्च येत नाही.

पुरवठादार प्रात्यक्षिकाला येतो तेव्हा रॅक रिकामा असतो आणि तो ढकलून पाहतात ते बहुधा अधिकारी. तो पिंजरे, भुसा आणि पाण्याने भरलेला असावा, आणि ज्याला तो पुढची दहा वर्षे ढकलायचा आहे त्यानेच तो खरेदीआधी ढकलून पाहावा.